उद्याचा सामना आणि बुटांचा प्रश्न

आदरणीय अध्यक्ष बबनरावजी, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आमचे कप्तान रहिमानभाई, मंडळाचे खेळाडू आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

मला बोलायची सवय नाही. चिमाजी माझा धाकटा भाऊ, म्हणून मला उभं केलं आहे.

रहिमानभाई मिरजेला भावाच्या गॅरेजात चालले आहेत. आठ वर्षं त्यांनी चिंचवडचा हा फुटबॉल संघ सांभाळला. संघात बूट घालणारे ते एकटेच. बाकीचे त्यांना ‘साहेब’ म्हणून चिडवायचे. ते म्हणायचे, “साहेब गेला, राव. बूट चांगले होते, ते ठेवून घेतले.” हसलात, बरं वाटलं.

आता उद्याचं. खडकीच्या संघाशी चिमाजीच्या आठवणीचा सामना आहे. त्याच्यासारखंच सगळ्यांनी अनवाणी खेळायचं ठरवलंय, असं मला सकाळी कळलं.

चिमाजी अनवाणी का खेळायचा? मी शिकवलं म्हणून. एकोणीसशे अकरा साली कलकत्त्यात आपल्या लोकांनी अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीला हरवलं, हे मी त्याला लहानपणापासून सांगत आलो. मला त्याचा आजही अभिमान आहे. पण दोन वर्षांपूर्वी एका सामन्याआधी रहिमानभाईंनी आपले जादा बूट त्याच्यापुढे ठेवले. “घाल, भावा. बाजाराच्या खोक्यांचे खिळे पडलेत मैदानात.” चिमाजीने माझ्याकडे पाहिलं. “दादा, घालू?” मी म्हणालो, “देश स्वतंत्र झाला, तरी तुला गोऱ्याचे बूट लागतात?” त्याने ते परत केले.

खिळा लागला. नवव्या दिवशी धनुर्वाताने जबडा आवळला. पाणीसुद्धा पाजता येईना.

पोरगा हट्टी होता, असं लोक म्हणाले. मी म्हणू दिलं. रहिमानभाईंना खरं माहीत होतं. ते कुणापाशी बोलले नाहीत. तो हट्टी नव्हता. त्याने मला विचारलं होतं.

गेल्या वर्षी मेलबर्नच्या ऑलिंपिकात फुटबॉलमध्ये आपला देश चौथा आला, तो बूट घालूनच. त्याने आपलं काय कमी झालं?

अध्यक्षसाहेबांची चिठ्ठी आली, आवरतो. मंडळाच्या कपाटात पडून असलेले बूट मी पुसून दाराशी मांडले आहेत. खेळाडूंनी जाताना आपापल्या मापाचा जोड न्यावा, एवढीच विनंती. रहिमानभाई, तुमचे आभार मानायला मला दोन वर्षं लागली. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्यावं.

मी दाराशी जाऊन उभा राहतो.