आखूड वळलेली वात

बायांनो, मागं बसलेल्या बापमाणसांनो, गुरुजी. गिरजाच्या तेरवीले तुम्ही कामं टाकून आल्या, हे तिले आवडलं असतं. गुरुजींनी मले चार ओळी लिहून देल्या होत्या. कागद पदराले बांधला हाये. पण त्यात सारं गिरजाबद्दल चांगलं लिहिलं हाये, अन् मले आज माह्याबद्दल वाईट बोलायचं हाये. म्हणून कागद राहू द्या. जीभ वळत नाई, सांभाळून घ्या.

गिरजा माही धाकटी जाऊ. बारा वर्सं आम्ही एका चुलीवर रांधलं. आतापर्यंत जे उठले ते म्हणाले, किती शांत बाई होती. हाव, होती. पण त्या शांतपणानं माहा किती जळफळाट होत होता, हे कोणाले ठाऊक नाई. मी तिचा हेवा केला. बारा वर्सं केला.

आमची भाजीची वाडी तुम्ही पाह्यली हाये. सकाळी वांगे तोडा, सांबाराच्या हिरव्या जुड्या बांधा, वर्ध्याच्या बाजाराची बैलबंडी भरून द्या. मंग भाकरी, भांडे, पोरं. माहे पाच, तिचे तीन. दुपारपर्यंत पाय उचलत नसत, तरी मी बसत नव्हती. मी बसली तं घर बुडते, असं मले वाटे.

गिरजा बसे. रोज. भांडे झाले का हातपाय धुवे, तळपायाले थेंबभर तेल चोळे, देवापुढं एक वात लावे अन् भिताले पाठ टेकून डोळे मिटे. ओठावर देवाचं नाव. मांडीवर हात, मोकळे. पोरांले तिनं सांगून ठेवलं होतं, वात हाये तवरी मी देवाची, विझली का मंग तुमची. अन् पोरं ऐकत. माहेही ऐकत. मले मात्र हाका मारून मारून सोडत नसत.

मी म्हणे, हे देवाचं नाव पुढं करून आराम करणं हाये. सासूबाईंले मी तसं बोलूनही दाखवलं. त्या तूर निवडून राह्यल्या होत्या. म्हणाल्या, तूही बसत जाय घडीभर, देव काही हाकलत नाई. मले हे लागलं. त्यांनी तिले उठवावं म्हणून मी गेलती, अन् त्यांनी मलेच बसायले सांगितलं.

मंग माह्या रामाले ताप आला. मी उशाशी बसली होती. आईच ना मी त्याची? त्यानं डोळे उघडले अन् म्हणाला, काकीच्या मांडीवर जातो. गिरजा आली, त्याले घेऊन बसली, पोरगं झोपलं. अन् मी दारात उभी राहून तिचा चेहरा पाहून राह्यली होती. दिवसभर राबूनही त्यावर त्रागा नव्हता. माह्या पोरानं त्या चेहऱ्याकडं जावं, याच्यानं मी जळली.

आता सांगते ते नीट ऐका. घरच्या कापसाच्या वाती मी वळत होती. डबा माह्याच हाती होता. त्या दिवसापासून मी वात आखूड वळू लागली. आधी बोटभर कमी, मंग अर्धीच. तेल वाटीत राहे, वात विझून जाये. गिरजा डोळे उघडे, वातीकडं पाहे, नमस्कार करे अन् उठे, कामाले लागे. मी चुलीपाशी बसून मनात हसे. तुरीच्या हंगामापासून होळीपर्यंत मी एका थकल्या बाईचा ईसावा कातरला, बायांनो. देवाच्या डोळ्यासमोर कातरला.

तिले कळलं नसंल, असं मले वाटत होतं.

मंग ती आजारी पडली. डॉक्टर येऊन गेले. जायच्या दोन दिवसांआधी मी तिचे पाय चेपून राह्यली होती. तिनं माहा हात धरला. म्हणाली, "बाई, तुमच्या हातची वात मले वळखू येते."

मी म्हटलं, बोलली काऊन नाईस तू?

ती म्हणाली, "मले तेवढी पुरली. तुम्ही तं एक दिवसही बसल्या नाई. आता लांब वळजा, बाई. तुम्हाले बसायचं हाये."

एवढंच. रागाचा एक शब्द नाई. ती रागावली असती तं मी आज हलकी असती. खोटं कशाले बोलू, मले अजूनही तिचा हेवा वाटते. जातानाही तीच मोठी ठरली, अन् मी थोरली असून लहान राह्यली.

आता घरात आठ पोरं हायेत, अन् आई एक. गेल्या तेरा दिवसांत मी त्यांच्यावर किती ओरडली, ते त्यांले ईचारा. गिरजा बसे ती कोणासाठी बसे, हे मले आता समजून राह्यलं हाये.

गिरजा, ही वात मी आज सकाळी वळली. चांगली लांब. मी भिताले पाठ टेकून बसते. बायांनो, तुम्हीही टेका, थकल्या असाल. वात विझेपर्यंत कोणी बोलू नका.

पोरांनो, तुम्हीही हाक मारू नका. वात हाये तवरी मी देवाची. विझली का मंग तुमची. आठही जणांची.