सायडिंगवरची मळीची टाकी

जरा सरकून बसा, आणि ऐका. दिवेलागण होऊन गेली होती. शालिकदादाची म्हैस विताना अडली, म्हणून तो टेशनापलीकडच्या ढोरांच्या डॉक्टरला आणायला निघाला. वर्षभर त्याने सायडिंगची वाट टाळली होती. त्या रात्री घाईत तीच धरली.

सायडिंगला, मालगाड्या उभ्या करायच्या त्या बाजूच्या रुळाला, ती टाकी आहे ना, रेल्वेची? पूर्वी तिच्यातून दूध जायचं. पुढे चाकं काढून दगडी ओट्यावर बसवली, आणि पेंडवाल्याने उसाची मळी भरायला घेतली. ती धुवायला शालिकचा जोडीदार झिपरू आत उतरायचा. वर झाकणापाशी दोर धरून शालिक. आतल्याने पत्र्यावर ठोकायचं, वरच्याने लगेच ठोकून उत्तर द्यायचं. उत्तर आलं, म्हणजे वर माणूस आहे. ही त्यांची रीत. एके दिवशी शालिक दोर टाकून कुस्त्या बघायला गेला. आत आंबलेल्या मळीची वाफ डोक्यात चढली. झिपरू ठोकत राहिला, ठोकत राहिला, आणि गेला. शालिकने चावडीवर सांगितलं, झिपरू पिऊन एकटाच उतरला होता.

तर शालिक टाकीपाशी आला. आतून ठक ठक. टाकी तर तेव्हापासून रिकामी! त्याने पाय उचलला. पुन्हा ठक ठक. आंबूस वास आला. मग शालिकला थेट स्वतःच्या बायकोचा आवाज ऐकू आला, अहो, मी आत पडले. आणि बघा, सवय कशी असते. शालिकच्या हाताने पत्र्यावर ठोकून उत्तर दिलं.

हात तिथेच चिकटला. वर झाकण उघडलं. दोर आला, कमरेला पडला, वर ओढू लागला. शालिक रडकुंडीला आला. "झिपरू, मी कुस्त्यांना गेलो होतो रे."

"ठाऊक आहे. आता तू उतर. मी दोर धरतो."

डोकं झाकणाच्या तोंडात गेलं, तेवढ्यात लांब रेल्वेच्या गस्तवाल्याने रूळ आवळणारी सुटलेली लोखंडी चावी हातोड्याने ठोकली. ठण ठण. रीत ती रीत, भुतालाही चुकेना. झिपरू उत्तर द्यायला वळला, दोर ढिला पडला, शालिक खाली आदळला आणि धूम पळाला. डॉक्टर राहिला, म्हैस गेली.

सकाळी तो झिपरूच्या बायकोच्या दारात गेला, सगळं खरं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "डाग चावडीवर लावलात, मग पुसायला माझं दार कशाला?"

शालिक चावडीवर काही गेला नाही. टाकी अजून ठोकते. म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर त्या वाटेला जाऊ नका. शालिक अजून जिवंत आहे, आणि झिपरूला अंधारात माणूस ओळखू येत नाही.