उखाण्याआधी सुटलेली गाडी

सकाळी अकराला धुळ्याच्या ग्राहक आयोगात यशोदाबाईंची तारीख होती. बिघडलेल्या फ्रिजची तक्रार घेऊन आलेल्या सविताला शेजारच्या बाकावरचं त्यांचं आणि त्यांच्या वकिलाचं बोलणं ऐकू येत होतं.

“अक्का, तिकीट तुमचंच होतं, तरी टीसीनं दोंडाईच्याला उतरवलं. एवढंच सांगा.”

“बठ्ठं खरं शे, वकीलभाऊ.”

“त्यानं पूर्ण नाव विचारलं, तेव्हा गप्प का राहिलात?”

“मधे मालकांचं नाव येतं ना. उखाण्यात घेणारच होते, तोवर त्यानं माझी पिशवी खाली फलाटावर ठेवली.”

“आत साहेबही विचारतील. गप्प राहिलात तर दावा जाईल.”

“नवा उखाणा जुळवून आणलाय.”

“लांब आहे का?”

“मालकांना शोभेल एवढा.”

शिपायानं पुकारा केला. आतून “पूर्ण नाव सांगा” ऐकू आलं, मग बराच वेळ यशोदाबाईंचाच आवाज. निकाल अजून लागलेला नाही.