लाईनवर माणसं शून्य

मी, वर्षाराणी सोमनाथ तिडके, वय ३२ वर्षे, व्यवसाय नोकरी (वीज उपकेंद्रात ऑपरेटर), रा. दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड. ठाण्यात आणल्यावर समक्ष सांगते की, लाईन बंद पाडून मी चावी घेऊन बसले, अशी आमचे इंजिनिअर अमरसिंह साहेब यांनी तक्रार दिली आहे. ती खरी आहे. चावी आताही माझ्या मुठीत आहे.

आमचे मालक सोमनाथ लाईनमन आहेत. लाईनमन खांबावर चढण्याआधी आणि उतरल्यावर मोबाईलवरून मेसेज टाकतो. लाईनवर किती माणसं आहेत, याचा हिशेब नवा कॉम्प्युटर त्या मेसेजवरून सारखा करत राहतो. शून्य आलं की आधी भोंगा वाजवतो आणि मिनिटभरानं लाईन आपोआप चालू करतो.

आज दुपारी दुसरे लाईनमन त्रिंबक भाऊजी खांबावर होते. स्क्रीनवर आकडा एक होता. ते उतरले आणि त्याच वेळी आमचे मालक त्याच लाईनच्या लांबच्या खांबावर चढले. दोन्ही मेसेज बरोबरच आले. कॉम्प्युटरनं दोन्ही हिशेब सोबतच धरले, दोन्ही जुन्या 'एक' या आकड्यावरूनच. एका हिशेबानं दोन केले, दुसऱ्यानं शून्य. शून्य मागून लिहिलं गेलं, म्हणून तेच राहिलं. एकामागून एक मोजलं असतं तर एक उरला असता. तो एक म्हणजे आमचे मालक.

भोंगा वाजला. मी तशीच धावले, लाईन चालू व्हायच्या आत स्विच पाडला, पॅनेलला कुलूप ठोकलं.

साहेब म्हणाले, "स्क्रीनवर कुणी न्हाई. चावी दे, न्हाईतर कुलूप तोडतो."

मी म्हणाले, "साहेब, माणूस हाय वर! आधी त्यांना उतरू द्या, मग मला काय करायचं ते करा."

मालकांचा मोबाईल खाली पिशवीत असतो, उचलत नाहीत. त्रिंबक भाऊजी गाडीवर त्यांना सांगायला गेलेत, त्यांचाही अजून फोन आला नाही. मला लई भ्या वाटतंय. तुमच्या ठाण्याची लाईट त्याच लाईनवर हाय, साहेब. हा पंखा बंद हाय तोवरच माझा जीव जाग्यावर हाय.

माझा हा जबाब मला वाचून दाखविण्यात येत असून तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

नोंद : वाचन चालू असताना ठाण्यातील पंखा फिरू लागला. चावी सदर बाईच्याच हातात होती. बाई ओरडत बाहेर पळाल्या. सही घेणे बाकी.