चाराच्या पुढं

तुम्ही ध्यानाला बसता म्हणून सांगतो, मीही एकदा शिकायला बसलो होतो. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आमच्यासोबत एक सुभेदारमामा होते, फौजेतून घरी आलेले. दुपारी भाकरी खाऊन झाली की आम्हा सहा-सात जणांना ते लिंबाखाली बसवायचे. डोळे मिटून श्वास मोजायचा, मधे दुसरा विचार आला की पुन्हा एकापासून.

माझी गाडी काही चाराच्या पुढं जाईना. पाचव्या श्वासाला जीव गुरांच्या छावणीतल्या माझ्या बैलांकडं पळायचा. त्यांना कुणी पाणी दाखवलं असेल का?

आठवडाभरानं मामांनी हजेरी घेतल्यासारखं एकेकाला विचारलं, "कुठवर गेलास?"

"ऐंशी," महादू म्हणाला.

"म्या शंभराच्या वर गेलो, मग मोजलंच न्हाई," किसन म्हणाला.

मलाही मोठा आकडा सांगावासा वाटला. पण मामांसमोर खोटं बोलवेना.

"मामा, चार. माझ्यानं हे व्हायचं न्हाई. उद्यापासून मी येत न्हाई."

सगळे खो-खो हसले. महादू म्हणाला, "आरं, याला मोजताच येत न्हाई!"

मामा हसले नाहीत. माझ्याजवळ सरकून बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "धा वर्सं बसतोय मी. आज तिनावरच नातीची आठवन आली. तू चारापत्तुर कसा गेलास, ते सांग बरं मला."

चारचौघांत असं कबूल करायला लई मोठी छाती लागते, गड्यांनो.

दुसऱ्या दिवशी मामांनी पुन्हा विचारलं. महादू खाली बघत म्हणाला, "दोन."