हेडमास्तरांची शेळी आणि कण्हेर

तुमच्या दारातली कण्हेर बघून आठवलं. स्वराज्य यायच्या आधी मी काष्टीजवळच्या एका शाळेत बिगरीचा वर्ग घेत होते. पोरं एवढीएवढीशी, अक्षरओळख नाही, दिसेल ते तोंडात घालायची. आणि हेडमास्तरांनी वर्गाच्या दारातच शोभेला कण्हेर लावली.

मी म्हटलं, "विषारी असते म्हणतात. पोरांनी पानं चघळली तर?"

"पारख करू की," म्हणाले, आणि घरची शेळी आणून दिवसभर तिथं बांधली. शेळीनं एकाही पानाला तोंड लावलं नाही. हेडमास्तर खूश.

"बघा बाई, शिवतसुद्धा न्हाई!"

"शेळीला कळतं म्हणून शिवत नाही. पोरांना कळतं का?"

त्यांनी मग मोठ्या अक्षरांत "पाने खाऊ नयेत" असा कागद लिहिला आणि खळ लावून शेजारच्या भिंतीवर चिकटवला.

"अहो, यांना वाचता कुठं येतंय?"

"मग शिकवा की. तुमचं कामच हाय ते."

आमचं हे चालू असताना दिवसभर उपाशी असलेल्या शेळीनं तो कागद खळीसकट खाऊन टाकला. कण्हेर जशीच्या तशी.

हेडमास्तरांनी शेळीचं दावं सोडलं. मग म्हणाले, "बाई, कुदळ कुठं हाय?"