शनिवारचं पाणी

(बॅटरीच्या दुकानामागचं आवार. झोपायची सोय असलेली एक जुनी व्हॅन मागचं दार उघडं टाकून उभी आहे.)

बॅटरीवाला: ऐका तर, ताई. ही बॅटरी मेलेली नाही. काल दिवसभर लोडवर लावून ठेवली होती. ठणठणीत आहे.

मुलगी: मग तुमचं मशीन बिघडलं असेल. सहा महिन्यांपूर्वी बाबा ही गाडी घेऊन एकटेच तलावाच्या पलीकडे राहायला गेले, तेव्हा हीच बॅटरी दुसऱ्याच रात्री बसली होती. चार दिवस बाबांचा फोन बंद. मी तिचं काही ऐकून घेणार नाहीये.

बाबा: नवी घ्यायला आलोय ना? नवी बघू. जुनीचं काय घेऊन बसायचं?

बॅटरीवाला: बघू की. म्हणजे कसं, आधी सांगा, काय काय चालवायचंय? त्यावर सगळं.

बाबा: दिवा दहा वॅट, पाच तास. पंखा पंचवीस वॅट, आठ तास. झालं.

मुलगी: फ्रिज?

बाबा: नको.

मुलगी: मग खाणार काय? मागच्या वेळी तिथून आलात तेव्हा शर्ट खांद्यावरून ओघळत होता. लहान फ्रिज लिहा हो तुम्ही. मी सांगते, लिहा.

बॅटरीवाला: लिहिला. लहान फ्रिज म्हणजे दिवसाला साडेचारशे वॅट-अवर धरू. आता हिशेब असा, ताई, वरचे पॅनल ऊन असेल तोवर भरतात. ढग आले तर किती दिवस काढायचे?

बाबा: दोन. एकूण सातशे, भागिले बारा व्होल्ट, रोजचे साठ अँपिअर-अवर. दोन दिवसांचे एकशे वीस. निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून दुप्पट. एकशे वीसच्या दोन लागतील.

बॅटरीवाला: काका, मला कॅल्क्युलेटर काढू तरी द्यायचा. याच धंद्यातले दिसता.

बाबा: टेलिफोन एक्स्चेंज. बॅटरी रूम.

मुलगी: एकतीस वर्षं. शहराची वीज गेली तरी फोन चालू असायचे ते बाबांच्या बॅटऱ्यांवर. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी जाऊन बॅटऱ्यांचं पाणी बघून आले. आई म्हणाली होती, नवरी मुलगी थांबेल, सेल थांबणार नाहीत.

बाबा: मुहूर्ताच्या आधी आलो होतो.

बॅटरीवाला: मग तर तुम्हाला लिथियमच दाखवतो. वजनाला निम्मी, जवळपास तळापर्यंत वापरा, पाणी नाही, बघणं नाही. दहा वर्षं विसरून जा.

मुलगी: तीच द्या.

बाबा: नको. पाण्याची दे. झाकणं उघडता येतात ती.

मुलगी: कशाला? पुन्हा बसायला? बाबा, मी हप्त्यावर घेईन, पण या वेळी माझं ऐका. लिथियमला बघावं लागत नाही.

बाबा: म्हणूनच नको.

बॅटरीवाला: ताई, एक सांगू का? पाण्याची बॅटरीसुद्धा नीट ठेवली तर वाईट नसते. ही जुनीच बघा ना. आतून प्लेटा स्वच्छ आहेत. एकदा जरी पूर्ण बसून चार दिवस तशीच पडली असती ना, तर पांढरा थर धरला असता, ताकद निम्मी झाली असती. ही आजवर एकदाही बसलेली नाही. कोणीतरी पोटच्या पोरासारखी...

बाबा: तुझ्याकडे एकशे वीसची आहे का नाही ते सांग.

बॅटरीवाला: आहे ना, काका. आत आहे.

मुलगी: थांबा. काय म्हणालात? एकदाही नाही?

बॅटरीवाला: म्हणजे, माझा आपला अंदाज...

मुलगी: अंदाज नाही. तुम्ही तपासलीत. बाबा, माझ्याकडे बघा. बॅटरी बसली नव्हती?

बाबा: चिऊ, इथे नको.

मुलगी: इथेच. घरी विचारलं की तुम्ही बागेत जाऊन उभे राहता. एकतीस वर्षांत एक सेल मरू दिला नाही तो माणूस मला सांगतो, बॅटरी बसली, आणि मी सहा महिने मान डोलावतेय. मूर्खासारखी. बसली नव्हती ना?

बाबा: नाही.

मुलगी: मग फोन?

बाबा: मेन स्विच मी बंद केला. फोन आधीच उतरत आला होता. तो तसाच जाऊ दिला.

बॅटरीवाला: मी जरा आत जाऊन बॅटऱ्या...

मुलगी: तुम्ही कुठे जाऊ नका. ही यादी दाखवा मला. दिवा, पंखा, फ्रिज. बाबा, यात फोन का नाही?

बॅटरीवाला: ताई, फोन कोणीच लिहीत नाही. खातो किती तो?

मुलगी: बाबांनी दहा वॅटचा दिवा लिहिला. ते काही विसरत नाहीत. मी तीन दवाखान्यांत फोन केले होते, बाबा. तिसऱ्यात एका बाईंनी विचारलं, अंगावर ओळखीची काही खूण आहे का? मला आठवेना. माझ्या बापाच्या अंगावर कुठे तीळ आहे ते मला आठवेना. आई जाऊन दीड महिना झाला होता. मला वाटलं...

बाबा: काय वाटलं ते माहीत आहे मला.

मुलगी: खरं होतं का ते?

बाबा: हातून काही करायचं ठरवलं नव्हतं. पण काही न करायचं ठरवलं होतं. खायचं नाही, उठायचं नाही, फोन घ्यायचा नाही. ज्याने त्याने विचारायचं, कसे आहात? मी बरा नव्हतो. ते तुला सांगायचं नव्हतं. म्हणून दिवा घालवला आणि पडून राहिलो.

मुलगी: आणि आता परत तिथेच जायचंय तुम्हाला. फ्रिज नको, फोन नको. मी किल्ली देणार नाही. गाडी आजच विकते.

बाबा: पुढचं ऐकणार का?

मुलगी: बोला.

बाबा: चौथ्या दिवशी शनिवार होता. सकाळी जाग आली, आणि उठून बॅटरीची झाकणं उघडून बसलो. ठरवून नाही गं. शनिवारी पाणी बघतो मी, हात आपोआप गेले. तिच्या दोन कप्प्यांतलं पाणी खाली गेलं होतं. भरलं. झाकण लावता लावता लक्षात आलं, पाणी भरतोय म्हणजे उद्या ही लागणार आहे. कोणाला लागणार? मलाच. मग स्विच चालू केला. फोन लावला चार्जिंगला. तुझे बावन्न कॉल होते.

मुलगी: तुम्ही म्हणालात, बॅटरी बसली होती, आत्ता चालू झाली. मी रडत होते आणि तुम्ही म्हणालात, पाणी कमी होतं.

बाबा: ते खरं होतं.

मुलगी: हसवू नका मला. मला खूप राग आलाय तुमचा.

बाबा: येऊ दे. सहा महिने घाबरून वागवलंस मला. त्यापेक्षा राग बरा.

बॅटरीवाला: काका, मी माझं तोंड उगाच उघडलं.

बाबा: बरं केलंस. मला उघडता येत नव्हतं. हे बघ, चिऊ. तिथे तुझ्या आईला नेणार होतो. व्हॅन तिच्यासाठी घेतली होती. मला तिथे एकदा नीट राहून यायचंय. स्वयंपाक करून, अंघोळ करून, माणसासारखं. दहा दिवस. पण ज्याला बघावंच लागत नाही असलं काही मला गाडीत नको. आठ दिवसांनी माझी वाट बघणारं काहीतरी हवं तिथे.

मुलगी: आणि मी? मी कशाची वाट बघायची दहा दिवस?

बॅटरीवाला: मग पाण्याच्या दोन, एकशे वीसच्या. जुनीचं काय करू? नव्यांना जोडून देऊ का?

बाबा: जुनी-नवी एकत्र जोडतात का रे? नव्यांना खाली ओढेल ती.

बॅटरीवाला: तेच म्हणणार होतो. मग मोडीत घेतो. चांगला भाव देतो.

बाबा: नाही. ती ठेव. वेगळी बसव, चार्जिंगला वेगळी तार दे. तिच्यावर एकच गोष्ट चालेल. यादीत लिही.

बॅटरीवाला: काय लिहू?

बाबा: फोन.

मुलगी: आणि तुम्ही पुन्हा मेन स्विच बंद केलात तर?

बाबा: ऐकलंस ना रे, ती काय विचारतेय? फोनची तार स्विचवरून नेऊ नकोस. थेट बॅटरीला जोड.

बॅटरीवाला: थेट? काका, तुम्हीच असं म्हणता? शॉर्ट झालं तर तार जळेल. मध्ये काहीतरी हवंच.

बाबा: फ्यूज लाव. स्विच नको.